सांधा धुवायचा, पण वेळेत!

घोड्याच्या सांध्यात जंतू शिरले की नुसत्या इंजेक्शनांवर भागत नाही. सांधा आतून धुवावा लागतो. हा उपचार कसा करतात, कधी उपयोगी पडतो आणि कधी पडत नाही, याविषयी.

घोड्याच्या अंगावर दोन जखमा आहेत असे समजा. एक खांद्यावर, चांगली वीतभर, मांस उघडे पडलेली, रक्त वाहणारी. दुसरी खुराच्या थोडी वर, तुरीच्या दाण्याएवढी, रक्तही थांबलेली. घोड्याचा मालक साहजिकच पहिल्या जखमेकडे धावतो. अनुभवी पशुवैद्य मात्र आधी दुसरीकडे पाहतो. खांद्यावर जाड स्नायू असतात, त्यांना रक्तपुरवठा भरपूर असतो. तिथली जखम दिसायला भयंकर असली तरी बहुधा भरून येते. गुडघ्याच्या खाली मात्र घोड्याच्या पायाला स्नायू जवळजवळ नसतातच. कातडी, तिच्याखाली कंडरा आणि लगेच सांधा. काटेरी तारेचे टोक, बाभळीचा काटा किंवा गंजका खिळा एवढे अंतर सहज पार करतो.

सांध्यात जंतू शिरल्यावर उपचारासाठी सर्वात मोलाचे असतात ते पहिले काही तास. त्या वेळात सांधा निर्जंतुक द्रवाने आतून धुऊन काढला, तर घोडा पुन्हा कामाला लागण्याची चांगली शक्यता असते. उशीर झाला तर तो कायमचा लंगडा होऊ शकतो. आणि घोड्याच्या बाबतीत कायमचे लंगडेपण अनेकदा मरणाच्या दारात नेऊन सोडते.

तीन पायांवर घोडा जगत नाही

कुत्रा एक पाय गमावूनही वर्षानुवर्षे आनंदाने जगतो. घोड्याला ते जमत नाही. साडेचारशे-पाचशे किलोंचे शरीर तो चार खुरांवर तोलून धरतो. एक पाय दुखू लागला की त्याच्या जोडीच्या पायावर दुप्पट भार येतो. खुराचे बाहेरचे कवच आणि आतले हाड यांना जोडणारे नाजूक पापुद्रे असतात. त्यांचा रक्तपुरवठा नीट चालायचा, तर खुरावरचा भार सतत कमी-जास्त होत राहायला हवा. दिवसेंदिवस एकाच पायावर भार राहिला की हे पापुद्रे सुटू लागतात आणि चांगला पायही निकामी होतो.

अमेरिकेतल्या बार्बारो या घोड्याचे उदाहरण जगभर गाजले. २००६ ची केंटकी डर्बी जिंकल्यावर दोनच आठवड्यांनी, २० मे रोजी, प्रीकनेस शर्यतीत त्याच्या उजव्या मागच्या पायाची हाडे मोडली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. हाडे जुळूनही आली. पण भार पेलणाऱ्या डाव्या मागच्या खुराने दगा दिला. अखेर २९ जानेवारी २००७ रोजी त्याला दयामरण द्यावे लागले. बार्बारोचा आजार सांध्यातल्या जंतूंचा नव्हता, तरी एका पायाचे दुखणे घोड्याला कुठवर नेते हे त्यावरून कळते. म्हणूनच सांध्याचा संसर्ग हा घोड्यांच्या वैद्यकात तातडीचा आजार मानला जातो.

आपल्याकडे घोडा म्हटले की महालक्ष्मीचे रेसकोर्स किंवा पुण्याजवळचे स्टड फार्म आठवतात. पण माथेरानच्या लाल दगडी वाटांवर पर्यटकांना फिरवणारे घोडे आहेत, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात उतरणारे आहेत, वरातीत नवरदेवाला मिरवणारे आहेत. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात घोडे आणि तट्टू मिळून सुमारे ३ लाख ४० हजार उरले. २०१२ च्या तुलनेत ही घट सुमारे ४५ टक्क्यांची. उरलेल्यांपैकी कित्येक घोड्यांच्या पायांवर एकेका कुटुंबाची चूल चालते.

बंद खोलीतला दाह

घोड्याचा पाय समजून घ्यायचा तर आपल्याच हाताकडे पाहावे. घोड्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, तो खरे तर आपले मनगट. त्याखाली, खुराच्या वर जो गोल सांधा दिसतो, तो म्हणजे आपल्या बोटाच्या मुळाशी असलेला सांधा. आणि खूर म्हणजे नख. प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या नखावर घोडा उभा असतो. शर्यतीत धावताना या लहानशा सांध्यांवर प्रचंड दाब येतो.

तो दाब सोसण्यासाठी हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिच्याभोवती एक पातळ अस्तर असते आणि ते अस्तर फिकट पिवळा, चिकट द्रव पाझरत राहते. हा द्रव म्हणजे सांध्याचे वंगण. हायल्युरोनिक आम्लामुळे तो चिकट असतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिचे पोषणही याच द्रवातून होते. रक्तवाहिन्या नसल्याने तिला एकदा इजा झाली की ती पूर्वीसारखी भरून येत नाही.

अशा बंद खोलीत जंतू शिरले की शरीर पांढऱ्या पेशींची फौज पाठवते. या पेशी जंतूंना मारण्यासाठी जी विकरे सोडतात, ती जंतू आणि कूर्चा यांत फरक करत नाहीत. जंतूंबरोबर कूर्चेचाही चुरा होऊ लागतो. सूज येते, सांध्यातला दाब वाढतो, अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. रक्तातून झिरपलेल्या प्रथिनांचे पिवळट, दह्याच्या कवडीसारखे गोळे सांध्यात साचतात आणि जंतू त्यांच्या आड दडून बसतात. थोडक्यात, घराची राखण करायला आलेली फौजच घर पाडू लागते.

नुसते औषध का पुरत नाही?

जंतू आहेत म्हटल्यावर प्रतिजैविके द्यावीत, सांधा कशाला उघडायचा, असा प्रश्न कुणालाही पडेल. प्रतिजैविके द्यावीच लागतात. पण एकट्या औषधाला तीन अडचणी येतात.

पहिली अडचण पोहोचण्याची. दाबामुळे सांध्याचा रक्तपुरवठाच मंदावलेला असतो, त्यामुळे रक्तातून येणारे औषध पुरेसे पोहोचत नाही. दुसरी अडचण पुवाची. पुवामुळे सांध्यातले वातावरण आम्लधर्मी होते आणि जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी औषधे अशा वातावरणात दुबळी पडतात. तिसरी अडचण त्या गोळ्यांची. आत दडलेल्या जंतूपर्यंत औषध शिरत नाही. शिवाय उद्या औषधाने सगळे जंतू मारले, तरी कूर्चा खाणारी विकरे आत तशीच उरतात.

धुण्याने या तिन्ही अडचणींवर एकदम घाव बसतो. जंतूंची संख्या घटते, विकरे आणि मृत पेशी वाहून जातात, गोळे निघतात, दाब उतरतो. मग औषधाला काम करायला मोकळी जागा मिळते. नाल्यात कचरा तुंबलेला असताना वरून कितीही फिनेल ओतले तरी दुर्गंधी जात नाही; आधी कचरा काढावा लागतो. सांध्याचेही तसेच आहे.

सुईत आलेला थेंब

सांध्यात संसर्ग आहे की नाही हे बाहेरून पाहून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी सांध्यातला द्रव सुईने काढून तपासतात. निरोगी द्रव पारदर्शक असतो; त्याचा थेंब बोटांच्या चिमटीत धरून बोटे हळूच फाकवली तर पाकाच्या तारेसारखी तार निघते. संसर्ग झाला की तो गढूळ, पातळ होतो, तार तुटते. प्रयोगशाळेत आकडे बोलतात. निरोगी सांध्यात एका मायक्रोलिटरमध्ये पांढऱ्या पेशी एक हजाराच्या आत, बहुधा काही शेच असतात. संसर्ग झालेल्या सांध्यात त्या तीस हजारांच्या वर जातात, कधी लाखाच्याही पुढे. प्रथिनांचे प्रमाणही दर शंभर मिलिलिटरला दोन ग्रॅमच्या आत असते ते चारच्या वर चढते.

द्रव जंतुसंवर्धनासाठीही पाठवतात. पण संसर्ग असूनही अनेकदा जंतू उगवत नाहीत, कारण ते द्रवात तरंगण्याऐवजी अस्तराला चिकटलेले असतात. म्हणून अहवालाची वाट पाहत उपचार थांबवत नाहीत.

जखम सांध्यापर्यंत गेली आहे का, हे पाहण्याची एक साधी युक्ती आहे. जखमेपासून दूर, स्वच्छ केलेल्या कातडीतून सांध्यात सुई घालतात आणि निर्जंतुक सलाईन सोडतात. सांधा फुगतो. ते सलाईन जखमेतून बाहेर ओघळू लागले, की जखम आणि सांधा यांच्यात वाट झाली आहे हे स्पष्ट होते.

इथे मालकाची फसगत होण्याची एक मोठी जागा आहे. सांधा उघडा असेपर्यंत आतला द्रव वाहून जातो, दाब वाढत नाही, म्हणून घोडा पहिल्या दिवशी फारसा लंगडतही नाही. जखमेचे तोंड मिटले की आत दाब साचतो आणि मग घोडा पाय टेकवेनासा होतो. जखम बरी होत असताना लंगडणे वाढले, तर तो मुका मार नाही. आत काही तरी शिजते आहे असे समजावे.

धुतात कसे?

सर्वात साधी पद्धत दोन सुयांची. सांध्याच्या एका बाजूने जाड सुई घालून द्रव आत सोडायचा, दुसऱ्या बाजूच्या सुईतून तो बाहेर काढायचा. मधेच बाहेरची वाट बंद करून सांधा फुगू द्यायचा आणि पुन्हा सोडायचा, म्हणजे कोनाकोपऱ्यांतली घाणही सुटते. शिंगरांत आणि नुकत्याच झालेल्या संसर्गात ही पद्धत उपयोगी पडते. मोठ्या शस्त्रक्रियागृहाशिवायही ती करता येते. पण सुईच्या भोकातून मोठे गोळे निघत नाहीत आणि आत काय चालले आहे ते दिसतही नाही.

दिसते ते दुर्बिणीतून. माणसाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहण्याचा पहिला प्रयत्न जपानमध्ये केन्जी ताकागी यांनी १९१८ मध्ये एका मृतदेहावर केला. घोड्यांच्या सांध्यांसाठी हे तंत्र पद्धतशीर बसवण्यात मूळचे न्यूझीलंडचे आणि अमेरिकेत कोलोराडो स्टेट विद्यापीठात काम केलेले वेन मॅकिलरेथ यांचे नाव आघाडीवर आहे. १९८४ मध्ये आलेले त्यांचे पुस्तक घोड्यांच्या शल्यचिकित्सकांचा पाठ्यग्रंथ ठरले.

या शस्त्रक्रियेत घोड्याला पूर्ण भूल देतात आणि पाठीवर किंवा कुशीवर निजवतात. पायावरचे केस काढून कातडी निर्जंतुक करतात. सुमारे चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण एका लहान छिद्रातून, उपकरणे दुसऱ्या छिद्रातून आत जातात. पडद्यावर कूर्चा, अस्तर, गोळे सगळे दिसते. बाहेरून न जाणवलेला काट्याचा तुकडा, केस, माती, हाडाचा कपचा अशा गोष्टी अनेकदा इथेच सापडतात. त्या जोवर आत आहेत तोवर संसर्ग हटत नाही. चिमट्याने आणि यांत्रिक कातरणीने हे सगळे काढतात आणि पंपाने किंवा दाबाच्या पिशवीने लिटरच्या लिटर द्रव सांध्यातून वाहता ठेवतात. किमान तीन ते पाच लिटर, मोठ्या सांध्याला त्याहूनही अधिक. आधी गढूळ, कणकण येणारे पाणी हळूहळू नितळ होते.

हा द्रव म्हणजे साधे पाणी नव्हे. बहुधा रिंगर लॅक्टेट वापरतात, कारण त्यातील क्षार शरीरातल्या द्रवाशी बरेच जुळतात. सांध्यात नळाचे पाणी कधीच घालत नाहीत. त्यात जंतू असतात आणि क्षार नसल्यामुळे पेशी फुगून फुटतात. जंतुनाशके घातली तर जास्त चांगले, हाही गैरसमज आहे. कातडीवर चालणारे क्लोरहेक्झिडिन सांध्याच्या अस्तराला आणि कूर्चेला इजा करते. काम होते ते औषधाच्या तीव्रतेने नव्हे, द्रवाच्या प्रमाणाने आणि प्रवाहाने.

शेवटी सांध्यात प्रतिजैविक सोडतात. त्याच्या जोडीला आणखी एक कल्पक उपाय आहे. पायाला वरच्या बाजूला रबरी पट्टा आवळून रक्तप्रवाह थांबवतात आणि खालच्या शिरेत प्रतिजैविक सोडतात. वीस-तीस मिनिटे ते औषध पायातच कोंडून राहते आणि सांध्यात एरवी शक्य नसलेल्या प्रमाणात उतरते. पाचशे किलोंच्या जनावराला सगळ्या शरीरासाठी महागडे औषध देण्यापेक्षा हे स्वस्तही पडते. एक-दोन दिवसांत सूज आणि लंगडणे कमी झाले नाही, पेशींची संख्या उतरली नाही, तर सांधा पुन्हा धुतात.

या उपचाराला धोका नाही असे नाही. घोड्याला पूर्ण भूल देणे हे माणसाला भूल देण्यापेक्षा कितीतरी जोखमीचे असते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, पोटशूळाच्या शस्त्रक्रिया वगळल्या तरी शंभरातला जवळपास एक घोडा भुलीच्या काळात किंवा त्यानंतरच्या काही दिवसांत दगावल्याचे आढळले. पण न धुतलेल्या संसर्गाचा धोका याहून खूप मोठा असतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात सांधे किंवा कंडरांची आवरणे दूषित झालेल्या १२१ घोड्यांवर दुर्बिणीने उपचार केले होते. त्यातले सुमारे ९० टक्के जगले आणि ८१ टक्के पूर्वीच्याच कामावर परतले.

शिंगराचा सांधा आणि पहिला चीक

शिंगरांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या सांध्यात जंतू बहुधा जखमेतून येत नाहीत, रक्तातून येतात; आणि रक्तात शिरतात ते नाळेतून, आतड्यातून किंवा श्वसनमार्गातून. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. घोडीची वार तशी नसते. शिंगरू जन्मते ते जवळपास निःशस्त्र. त्याला सगळी शस्त्रे पहिल्या चिकातून मिळतात, आणि आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता साधारण एका दिवसात संपते. त्यातही पहिले सहा ते बारा तास सर्वात महत्त्वाचे.

म्हणून जन्मल्यापासून तासाभरात उभे राहणे आणि दोन तासांत आचळाला लागणे, ही निरोगी शिंगराची खूण मानतात. पुढे सुमारे दिवसभराने रक्ततपासणी करून प्रतिकारद्रव्ये पुरेशी मिळाली का ते पाहता येते. कमी पडली असतील तर निरोगी घोड्याचा रक्तद्रव शिरेतून देतात.

शिंगरू लंगडले की तबेल्यात हमखास म्हटले जाते, घोडीचा पाय पडला असेल. पशुवैद्यकात याच्या उलट नियम शिकवतात. लहान शिंगराचे लंगडणे हे तपासणीत काही वेगळे सिद्ध होईपर्यंत सांध्याचा संसर्गच समजायचे. त्यांच्यात एकाच वेळी अनेक सांधे सुजू शकतात आणि शेजारच्या हाडाच्या वाढीच्या पट्ट्यातही जंतू घर करतात. त्यामुळे निकालही कठोर असतात. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सांधे आणि कंडरांच्या आवरणांत संसर्ग झालेल्या १९२ घोड्यांच्या पाहणीत मोठ्या घोड्यांपैकी सुमारे ८५ टक्के वाचले. शिंगरांपैकी निम्मेही नाहीत. शिंगराच्या बाबतीत सांधा धुण्यापेक्षा वेळेवर पाजलेला चीक जास्त जीव वाचवतो.

झिजलेल्या सांध्याला ही धुलाई का नको?

सांधा धुऊन एवढा फायदा होत असेल, तर म्हाताऱ्या घोड्याचा झिजलेला सांधाही धुवावा, आणि आजीच्या गुडघ्यालाही तोच उपाय करावा, असे वाटणे साहजिक आहे. एके काळी डॉक्टरांनाही तसे वाटत होते. दुखऱ्या गुडघ्यात दुर्बीण घालून तो धुतल्यावर रुग्णांना बरे वाटते असे दिसत होते आणि अशा शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होत होत्या.

२००२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथील १८० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि या समजाला धक्का बसला. संधिवाताने गुडघा झिजलेल्या रुग्णांचे चिठ्ठी टाकावी तसे तीन गट केले होते. एका गटाचा गुडघा धुऊन आतला खरबरीत भाग साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला, तिसऱ्याला केवळ कातडीवर छेद दिले, आत काहीच केले नाही. दोन वर्षांनंतर तिन्ही गटांच्या वेदनेत आणि चालण्यात उल्लेखनीय फरक नव्हता. आपल्यावर खरी शस्त्रक्रिया झाली की खोटी, हे रुग्णांना माहीत नव्हते. उपचार झाला या भावनेनेच अनेकांना बरे वाटले होते.

यातला फरक सरळ आहे. संसर्ग झालेल्या सांध्यात बाहेर काढण्याजोगी गोष्ट असते. ती काढली की सांधा सावरतो. झिजेच्या आजारात कूर्चाच नाहीशी झालेली असते. ती धुऊन परत येत नाही. शर्यतीच्या घोड्याच्या सांध्यात हाडाचा कपचा सुटून दाह झाला असेल, तर दुर्बिणीने कपचा काढून सांधा धुणे उपयोगी ठरते, कारण तिथेही काढण्याजोगे काही असते. जुनाट झिजेसाठी मात्र वजन आटोक्यात ठेवणे, नाल नीट मारणे, काम कमी करणे, वेदनाशामके आणि गरजेनुसार सांध्यातली इंजेक्शने हेच मार्ग आहेत. माणसाच्या सांध्यात पू झाला तर तो आजही तातडीने रिकामा करून धुतातच.

त्या इंजेक्शनांबद्दलही एक सावधगिरी हवी. सांध्यात सुई घालणे म्हणजे बंद खोलीचे दार क्षणभर उघडणे. ऑस्ट्रेलियातील शर्यतीच्या घोड्यांना दिलेल्या १६,६२४ इंजेक्शनांच्या अभ्यासात संसर्गाचे प्रमाण हजारी एकाहूनही कमी निघाले. स्वच्छता पाळली तर धोका इतका कमी ठेवता येतो. पण स्टिरॉइड दिलेले असेल तर संसर्गाची लक्षणे दबून काही दिवस उशिरा दिसतात. इंजेक्शननंतर सांधा सुजला वा घोडा जास्त लंगडू लागला, तर ते औषधाचे तात्पुरते दुखणे आहे असे गृहीत धरून थांबू नये.

मालकाने काय करावे?

सांध्याच्या संसर्गात उशीर होतो तो बहुतेक वेळा दवाखान्यात नव्हे, तबेल्यात. हळद भरली, तेल सोडले, दोन दिवस वाट पाहिली, मग कुणी सांगितले म्हणून डाग दिला, आणि आठव्या दिवशी डॉक्टरांना बोलावले. हे वरातीमागून घोडे झाले. डाग दिल्याने सांध्यातला एकही जंतू मरत नाही. घोड्याला भाजल्याची वेदना तेवढी वाढते. पुढील गोष्टी पाळल्या तर अनेक पाय वाचतील.

• सांध्याच्या आसपास कितीही लहान जखम झाली तरी त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावी. घोडा लंगडत नाही म्हणून थांबू नये.

• जखमेतून मधासारखा पिवळसर, चिकट द्रव येत असेल तर सांधा किंवा कंडरेचे आवरण उघडे पडले असण्याची शक्यता मोठी असते. स्वच्छ फडक्याने जखम झाकावी, घोडा चालवू नये.

• जखमेभोवतीची माती स्वच्छ पाण्याने हळुवार धुवावी, पण पाइपची धार थेट जखमेच्या तोंडात मारू नये; त्याने घाण आत ढकलली जाते. पूड, हळद, तेल, मलम काहीही भरू नये.

• खुराच्या तळव्यात खिळा घुसला असेल आणि तो आणखी आत जाण्याची भीती नसेल, तर डॉक्टर येईपर्यंत तो काढू नये. एक्स-रेमध्ये त्याची दिशा कळते. काढावाच लागला तर जागा, दिशा आणि खोली यांची खूण करून ठेवावी.

• डॉक्टरांनी तपासण्याआधी वेदनाशामक देऊ नये. लंगडणे झाकले जाते, आजार आत वाढत राहतो.

• रोजच्या खराऱ्याच्या वेळी चारही पायांच्या सांध्यांवरून हात फिरवावा. एखादा सांधा जोडीच्या सांध्यापेक्षा गरम किंवा फुगलेला लागला तर तो दिवस फुकट घालवू नये. घोड्याचे तापमान ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेले तर तेही डॉक्टरांना सांगावे.

• घोड्याला धनुर्वाताचा धोका फार मोठा असतो. लसीकरणाची तारीख लिहून ठेवावी आणि प्रत्येक जखमेच्या वेळी ती डॉक्टरांना दाखवावी.

खासगी पशुवैद्य जवळ नसेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाशी संपर्क साधता येतो. दुर्बिणीची सोय सगळीकडे नाही. पण सांध्यातला द्रव तपासणे, दोन सुयांनी सांधा धुणे आणि पट्टा बांधून शिरेतून औषध सोडणे यासाठी मोठे रुग्णालय लागतेच असे नाही. त्यासाठी लागतो तो प्रशिक्षित हात, निर्जंतुक द्रवाच्या काही बाटल्या आणि वेळेवर केलेला एक फोन.